विसांव्याचें घर : पण विसांवा कोणाचा ?

होळी-पौर्णिमा सरली, कीं गिरगांवच्या चाळींतून आणि दादरच्या हिंदु कॉलनींतून एकच विषय निघूं लागतो : मे महिन्यांत गांवीं किती माणसें जाणार, आणि घराची अवस्था काय आहे ? अलीकडे या विषयाला एक नवें शेंपूट जोडलें गेलें आहे. पूर्वीं गांवचें घर पावसाळ्यापूर्वीं 'शाकारावयाचें' असे. आतां तें 'सजवावयाचें' असतें. भावाभावांनीं वर्गणी काढावयाची आणि ज्यांस हल्लीं इंटिरियर डिझायनर म्हणतात, अशा कोणा जाणत्या व्यक्तीस घर दाखवावयास न्यावयाचें, ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांतून आतां नवलाची राहिलेली नाहीं. आम्ही त्यांस येथें गृहसजावटकार म्हणूं. या पद्धतींत वाईट असें कांहीं नाहीं. नाडी वैद्याला दाखवितों, कागद वकिलाला दाखवितों, मग घरच तेवढें कोणाला कां दाखवूं नये ? मात्र या विद्येची खरी रीत काय आहे, हें ठाऊक नसल्यामुळें पैसा जातो, घर बिघडतें, आणि ज्या विसांव्यासाठीं हा सारा खटाटोप, तो विसांवा कोणालाच मिळत नाहीं.

बिघडण्याचे प्रकार मुख्यतः दोन. पहिला म्हणजे दादरचा फ्लॅट उचलून राजापूरच्या डोंगरउतारावर नेऊन ठेवणें. कौलांखालीं प्लास्टर ऑफ पॅरिसचें खोटें छत, भिंतींना प्लायवुडचीं कपाटें, आणि पायाखालीं आरशासारख्या गुळगुळीत टाइल्स. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो, याचा या सजावटींत साफ विसर पडलेला असतो. प्लायवुड फुगतें, त्याच्या पाठीमागें वाळवी चढते. खोट्या छताच्या पोकळींत उंदीर सुखानें संसार थाटतात. ओल्या पायांनीं धांवत आलेलें मूल टाइलवर घसरतें. आपला जांभा चिरा हा मोठा विलक्षण दगड आहे. खाणींतून काढतांना तो इतका मऊ असतो कीं कुऱ्हाडीसारख्या हत्यारानें तासावा, आणि वाऱ्यावर ठेवला कीं दिवसेंदिवस कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन यानें मलबारांत हा दगड पाहिला, आणि १८०७ सालीं लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' हें नांव दिलें. तो ओलावा घेतो आणि सोडतो. त्याला चुन्याचा गिलावा मानवतो. सिमेंटचा घट्ट गिलावा केला, तर आंतला ओलावा आंतच राहतो आणि दोन पावसाळ्यांत भिंत पोपडे धरूं लागते.

दुसरा प्रकार पहिल्याच्या उलट आहे, आणि तो अधिक शिकलेल्या माणसांकडून होतो. ते घराचें संग्रहालय करितात. तांब्याचा बंब घांसूनपुसून दिवाणखान्यांत, त्यांत वाळलेलें गवत. लामणदिवा तेलावांचून टांगलेला. आणि ज्या जात्याच्या खुंट्याला आजीच्या तळहाताचे घट्टे पडले, त्या जात्यावर कांच टाकून चहाची कपबशी! मुंबईच्या चोरबाजारांत मटण स्ट्रीटवर एकदां फेरी मारली, तर जुन्या घरांतून निघालेले पेटारे, खांब आणि दरवाजांच्या चौकटी रांगेनें उभ्या दिसतात. एका पिढीनें अडगळ म्हणून विकलें, तें दुसऱ्या पिढीनें दसपट दामानें परत घ्यावें, हा व्यापार पाहून हंसावें कीं रडावें तें कळत नाहीं.

मग खरी रीत कोणती ? चांगला गृहसजावटकार रंगापासून प्रारंभ करीत नाहीं, आणि पडद्यांपासून तर नाहींच. १८९७ सालीं अमेरिकेंत ईडिथ व्हॉर्टन आणि ऑग्डन कॉडमन या दोघांनीं घरांच्या सजावटीवर एक ग्रंथ लिहिला. व्हॉर्टनबाई पुढें कादंबरीकार म्हणून विख्यात झाल्या. कॉडमन हे शिल्पज्ञ होते. घराची सजावट ही वरून चिकटवावयाची वस्तु नसून घराच्या बांधणीचाच ती एक भाग आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. भिंतीची उंची, दाराची जागा, खिडकींतून येणारा उजेड, हीं नीट असलीं तर सजावटीचें अर्धें काम झालें. तीं नीट नसतील तर पडद्यांनीं तें होत नाहीं. हा विचार आपल्याला नवा वाटण्याचें कारण नाहीं. शूद्रकाच्या मृच्छकटिकांत शर्विलक चोरी करण्यासाठीं चारुदत्ताच्या घरांत शिरतो, तेव्हां त्याला तेथें मृदंग, पणव, वीणा, वंश आणि पुस्तकें दिसतात. तेवढ्यावरून तो घरधन्याविषयीं तर्क बांधूं लागतो. घरांतील वस्तूंनीं धन्याची ओळख पटवावी, हें आपल्या नाटककारास पुरतेपणीं ठाऊक होतें.

त्याहून बारकाईचें वर्णन वात्स्यायनानें नागरकवृत्त या प्रकरणांत केलें आहे. पाण्याच्या जवळ घर, त्याला लागून वृक्षवाटिका. बाहेरच्या खोलींत शुभ्र आच्छादनाची मऊ शय्या, दोहों बाजूंस उशा, उशाशीं चंदन व विड्याचें साहित्य ठेवण्याची वेदिका. नागदंताला, म्हणजे भिंतींतल्या खुंटीला, टांगलेली वीणा. चित्रफलक, कुंचल्यांचा डबा, एखादें पुस्तक. जमिनीवर गोल आसन. बाहेर पक्ष्यांचे पिंजरे. आणि बागेंत दाट सांवलींत झोपाळा. विसांव्याच्या घराचें याहून नेटकें टिपण आजच्या कोणा सजावटकारानें करून दाखवावें ! खुंटी, बैठक, झोपाळा, आणि मोजक्या पण वापरांतल्या वस्तु. आपल्या कोंकणी ओटीची ही जणूं दोन सहस्रकांपूर्वींची पूर्वजच. परंतु वाचतां वाचतां एक गोष्ट खटकते. बाहेरच्या खोलीचें वर्णन उशांच्या संख्येसह करणारा हा ग्रंथकार आंतल्या खोलीविषयीं जवळ जवळ मौन धरतो. पुढें भार्येचें प्रकरण येतें, तेथें घर स्वच्छ ठेवणें, जमीन गुळगुळीत राखणें, फुलें मांडणें, बागेची निगा करणें, हीं कामें मात्र सविस्तर सांगितलीं आहेत. विसांवा बाहेर, काम आंत. ही वांटणी तेव्हांपासून आजतागायत आमच्या घरांत मुक्काम करून आहे.

हें आम्हांस सुचण्याचें निमित्त एका गृहसजावटकार बाईंचें काम झालें. आमच्या परिचयाचें एक गिरगांवांतील कुटुंब. पांच भावांची शाखा, त्यांपैकीं दोन बिऱ्हाडें पुढें दादरला गेलीं. राजापूर तालुक्यांत घर. ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वैंपाकघर, कोठीची खोली, माळा, मागें आगर आणि विहीर, असा परिचित थाट. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाल्यापासून रात्रीं गाडींत बसावें आणि सकाळीं घरीं चहा घ्यावा इतकें गांव जवळ आलें, आणि तरीही तीन वर्षें मे महिन्यांत तें घर जवळ जवळ रिकामें राहिलें. पुरुष जात, सुना कांहीं ना कांहीं निमित्त काढून मुंबईसच राहत. कोणास मुलाची परीक्षा, कोणास कचेरी, कोणास गुडघे. थोरल्या काकांनीं यावर निदान केलें कीं घर जुनाट दिसतें, नव्या पिढीस त्याची लाज वाटते; सबब ओटीला टाइल्स घालाव्या, छत करावें, दारावर पितळी अक्षरांत नांव बसवावें. यासाठीं त्यांनीं दादरच्या या बाईंस गांवीं नेलें.

बाई चाळिशीच्या आंतल्या, मितभाषी. त्यांनीं पहिल्या दिवशीं टेप बाहेर काढलीच नाहीं. सोबत दोन सुना व आत्याबाई मुद्दाम आणविल्या होत्या. पहांटे पांचपासून रात्रीं दहापर्यंत बाई एक वही घेऊन फिरत होत्या आणि कोण केव्हां उठलें, कोठें बसलें, किती वेळ बसलें, हें लिहीत होत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या म्हणाल्या, "काका, या घरांत पाठ टेंकून स्वस्थ बसण्याच्या अकरा जागा मोजल्या. झोपाळा, दोन आरामखुर्च्या, ओटीचा कठडा, पडवीतला बांक, अशा. काल दिवसभरांत त्या अकरांपैकीं एकीवरही बाईमाणूस पांच मिनिटांपेक्षां अधिक बसलेलें मला दिसलें नाहीं."

काका म्हणाले, "त्यांना कोणी मनाई केली आहे काय ?"

"मनाई नाहीं. पण ओटीवर बसलेल्या बाईला स्वैंपाकघरांतली हांक ऐकूं येत नाहीं, आणि स्वैंपाकघरांत बसावयास पाटाखेरीज कांहीं नाहीं. आत्याबाईंना पाटावरून उठतांना दोघींनीं हात द्यावा लागतो."

या संभाषणांत गृहसजावटीचें सारें तत्त्व आलें, असें आमचें मत आहे. घर जुनाट म्हणून सुना येत नव्हत्या हें खरें नव्हे. मुंबईंत एका गॅसच्या शेगडीवर पांच माणसांचा स्वैंपाक करणारी बाई येथें येऊन धुरकट खोलींत पंचवीस माणसांचा स्वैंपाक करीत होती, आणि त्याला सुटी म्हणत होते. मे महिना संपवून ती परतली, म्हणजे चार दिवस अंथरुणावर पडून राही. घरच्या पुरुषांना गांवाहून ताजेंतवानें होऊन आल्यासारखें वाटे, तें खोटें नव्हतें. पण त्या ताजेपणाची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरलेली होती. आणि ज्या घरांत बायका येईनात, त्या घरांत पुढें मुलें येत नाहींत. ज्या घरांत मुलें येत नाहींत, तें घर दहा वर्षांनीं हिस्सेदारांच्या नोटिशींत आणि मग गिऱ्हाइकाच्या हातांत जातें. कोंकणांतलीं कित्येक कुलपें याच मार्गानें लागलीं आहेत.

बाईंनीं जो आराखडा दिला, त्यांत वर्गणीचा पहिला हप्ता घराच्या मागच्या बाजूस खर्चावयाचा होता. काकांना हें फार विचित्र वाटलें. पाहुणा येतो पुढून, पैसे घालावयाचे मागें ! पण बाई हटल्या नाहींत. स्वैंपाकघराला वीतभर रुंदीचा एकच झरोका होता. त्याच्या जागीं आगराकडे उघडणारी मोठी खिडकी, आणि माथ्यावर दोन-तीन मातीच्या कौलांच्या जागीं कांचेचीं कौलें. कांचेचें कौल ही कांहीं बाईंची कल्पना नव्हे. मंगळूरला बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला, आणि तीं मंगळुरी कौलें किनाऱ्यानें पसरत आलीं. त्याच घाटाचें कांचेचें कौल मधें बसवून काळोख्या खोलींत उजेडाचा एक चौकोन पाडावयाचा, हें आपल्याकडे पुष्कळ घरांत दिसतें. मात्र तें बहुधा माजघरांत दिसतें. स्वैंपाकघराला तें क्वचित् लाभतें, कां तें वाचकांनींच ठरवावें.

काळोखाविषयीं येथें दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण हल्लीं काळोखाची स्तुति करण्याची एक पद्धत पडली आहे. जपानी लेखक तानिझाकी यानें १९३३ सालीं छायेच्या स्तुतीवर एक सुंदर निबंध लिहिला. विजेच्या झगझगाटांत जुन्या जपानी घराचें सौंदर्य कसें नाहींसें होतें, लाखेचीं काळीं भांडीं मंद प्रकाशांतच कशीं खुलतात, हें त्यांत मोठ्या रसिकतेनें सांगितलें आहे. तो वाचून आम्हांसही आपलें माजघर आठवलें. वैशाखाच्या दुपारीं त्या थंड काळोखांत पाठ टेंकावी, यासारखें सुख नाहीं. परंतु छाया निजणाऱ्यास गोड, तांदूळ निवडणाऱ्यास नव्हे. खडा दिसला पाहिजे. बाईंनीं माजघराचा काळोख तसाच ठेवला, त्याला एक जास्त दिवाही दिला नाहीं. उजेड नेला तो स्वैंपाकघरांत आणि न्हाणीघराच्या वाटेवर. रात्रीं दिवा घेऊन मागीलदारीं जावें लागणाऱ्या म्हातारीला या वाटेची भीति काय असते, हें ओटीवर निजणाऱ्यास कळत नाहीं. तिथपर्यंत पडवी वाढवून कौलें घातलीं, जमीन खरखरीत ठेवली, आणि भिंतीला हाताच्या उंचीवर एक गोल लांकडी दांडा बसविला. घराच्या सजावटींत या दांड्याचा फोटो कोणी काढणार नाहीं. आमच्या मतें संपूर्ण कामांतील सर्वांत सुंदर वस्तु तीच.

जमिनीचा प्रश्न निघाला तेव्हां मात्र मोठी चकमक उडाली. मुंबईहून आलेल्या एका पुतण्यानें शेणानें सारवलेल्या जमिनीचें महत्त्व सांगावयास प्रारंभ केला : ती पायाला ऊबदार, उन्हाळ्यांत थंड, नैसर्गिक, इत्यादि. सारें खरें आहे. पण त्याच्या चुलतीनें शांतपणें विचारलें, "सारवणार कोण, बाळ ?" पुढें त्यावर चर्चा झाली नाहीं. स्वैंपाकघर व माजघर यांस लाल रंग मिसळलेला कोबा घोटून करावा, आणि सारवण तुळशीपुढच्या अंगणापुरतें ठेवावें, असें ठरलें. चांगला घोटलेला कोबा वर्षानुवर्षें पायांनीं अधिकच गुळगुळीत होत जातो, झाडावयास सोपा, आणि भेग पडली तरी ती डोळ्यांस सलत नाहीं. जुन्या गोष्टींवर प्रेम करावें, पण त्या प्रेमाचे कष्ट कोणाच्या कमरेवर पडतात तें पाहून करावें.

येथें अलिबागचा उल्लेख करावयास हवा. मुंबईकर धनिकांचीं सुटीचीं घरें आतां तिकडेच अधिक होतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारीसकट नेणारी रो-रो बोट २०२० सालापासून चालूं झाली, आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतु उघडला, तेव्हांपासून तर तो मुलूख परळ-लालबागच्या दाराशींच आल्यासारखा झाला आहे. तेथें नवश्रीमंती थाटाचे पांढरे बंगले पुष्कळ आहेत. पण त्याच बाजूस नांदगांव येथें बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईनें २००७ सालीं पुरें केलेलें 'पामायरा हाउस' आहे, तें अभ्यासण्याजोगें आहे. नारळीच्या बागेंत समोरासमोर दोन लांबट लांकडी इमारती, मध्यें पाणी, खालीं काळ्या दगडाचें जोतें. आणि भिंतींच्या जागीं ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांच्या झडपा, कीं ज्यांतून वारा येतो, उजेड चाळून येतो आणि ऊन बाहेर राहतें. आगाखान पुरस्काराच्या २०१० सालच्या निवडयादींत त्याचा समावेश झाला होता. सिंहलद्वीपांत जेफ्री बावा यानें बेंटोटाजवळची रबराची बाग १९४८ सालीं विकत घेऊन 'लुनुगंगा' नांवाचें आपलें घर व उद्यान रचण्यास प्रारंभ केला, तो २००३ सालीं वारेपर्यंत त्याचें तें काम संपलें नव्हतें. या दोन्ही ठिकाणीं शिकण्यासारखी गोष्ट एकच, कीं गांवचें घर वस्तूंनीं सजत नाहीं, वाऱ्यानें, सांवलीनें आणि रिकाम्या जागेनें सजतें. मात्र त्यांची नक्कल करूं नये. तीं एका धन्याचीं घरें आहेत. आपल्या घरीं गणपतीला चाळीस ताटें पडतात, आणि प्रत्येक ताटामागें एक मत असतें.

त्या चाळीस माणसांनीं निजावयाचें कोठें, या प्रश्नास बाईंनीं दिलेलें उत्तर जुनेंच होतें. पलंगांनीं खोल्या भरूं नका. म्हाताऱ्यांपुरते चार पलंग ठेवा. बाकी गाद्या, सतरंज्या, गोधड्या यांसाठीं कोठीच्या खोलींत जमिनीपासून हातभर उंच, मागून वारा खेळेल अशी फळ्यांची मांडणी करा, म्हणजे पावसाळ्यांत बुरसणार नाहींत. प्रत्येक खोलींत चारी कोपऱ्यांस मच्छरदाणीच्या कड्या आधींच ठोकून ठेवा. आणि खुंट्या ! भिंतभर ओळीनें फणसाच्या लांकडाच्या खुंट्या, दोन उंचींवर. खालची ओळ मुलांसाठीं. पाहुण्याला कपाट लागत नाहीं, त्याला आपली पिशवी टांगण्याची जागा लागते. वात्स्यायनाचा नागदंत असा चाळीस हिश्श्यांनीं परत आला.

रंगांविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. बाहेर चुना, आंत चुन्यांत नीळ किंवा किंचित् गेरू. चकचकीत तैलरंग नको, कारण तो भिंतीचा श्वास कोंडतो. जुनें फडताळ, पेटारा व घडवंची पॉलिश न करितां तेल पुसून ठेवलीं, आणि तिन्हीं वस्तु कामाला लावल्या : फडताळांत लोणचीं, पेटाऱ्यांत मुलांचे खेळ, घडवंचीवर पूर्वीं पाण्याचे हंडे असत तेथें आतांही पाण्याचे हंडेच.

माजघराच्या भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी होत्या. सात. सातही पगड्या. बाईंनीं विचारलें, "यांच्या बायकांचीं नांवें काय ?" काकांना आईचें व आजीचें ठाऊक होतें, त्यापलीकडे घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. शेवटीं आत्याबाईंनीं पेटाऱ्याच्या तळांतून मुंजीचा एक समुदायचित्रपट काढला. त्यांत मागें दाराच्या चौकटींत अर्धवट दिसणारी नऊवारींतली एक आकृति ही आपली पणजी, असें त्या म्हणाल्या. तेवढाच भाग मोठा करवून तो आठवी तसबीर म्हणून लावला आहे. चेहरा नीटसा दिसत नाहीं.

या प्रसंगानेंच पुढचा विषय निघाला. हिंदु वारसा कायद्यांत महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि पुढें केंद्रानें २००५ सालीं दुरुस्ती केली, तिच्या योगें मुलगीही मुलाप्रमाणें जन्मतःच एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत सहदायाद ठरली. हें सर्वांस ठाऊक असतें, आणि सात-बाराच्या उताऱ्यापाशीं येऊन थांबतें. पण लेकीला त्या घरांत आपलें सामान ठेवावयास एक फळी तरी आहे काय ? बाईंनीं माळ्यावर पांच शाखांसाठीं पांच कपाटें काढलीं होतीं. आत्याबाईंनीं आयुष्यांत प्रथमच, असें त्यांच्या भावाचें म्हणणें, मोठ्यानें विचारलें कीं माझें कोठें आहे ? आराखडा बदलला. आतां कपाटें सात आहेत, दोन लेकींचीं. त्यासाठीं माळ्याचा जिना एका बाजूस सरकवावा लागला व सुताराचें बिल वाढलें, त्यावरून दोन भाऊ महिनाभर एकमेकांशीं नीट बोलत नव्हते.

स्वैंपाकघराच्या मागें एक लहान खोली होती. जुन्या घरांतून ती असतेच. 'बाहेरच्या' दिवसांत बायका तेथें बसत. आमच्या वाचकांस अधिक सांगणें नको. पुढें ती प्रथा गेली आणि खोलींत नारळाचीं सोडणें व मोडक्या छत्र्या साठल्या. पुतण्यानें ती पाडून तेथें मोटार लावण्यास जागा करावी असें सुचविलें होतें. बाईंनीं ती उभी ठेवावयास सांगितलें. आगराकडची भिंत फोडून खिडकी केली, खिडकीखालीं पाठ टेंकतां येईल असा रुंद बांक, एक वेताची खुर्ची, एक दिवा, आणि पुस्तकांची फळी. स्वैंपाकघरांतली हांक तेथें ऐकूं येते, आणि वाटल्यास ऐकूं आली नाहीं असें म्हणतांही येतें. बारावी जागा, असें बाईंनीं आराखड्यावर तिचें नांव लिहिलें होतें. पूर्वीं ज्या खोलींत बसावें लागे, तेथें आतां बसण्यासाठीं दुपारीं क्रम लागतो. पुरुषांना मज्जाव नाहीं, पण कोणी तेथें जात नाहींत. चप्पल बाहेर दिसली कीं काकाही खांकरून मागें फिरतात.

गेल्या मे महिन्यांत त्या घरीं एकवीस माणसें होतीं, त्यांत अकरा बायका व मुली. स्वैंपाक पुरुषांनीं केला असें कोणास वाटूं नये. आंबे कापण्यापलीकडे त्यांची प्रगति झालेली नाहीं, आणि या बाबतींत गृहसजावटकाराचा इलाज चालत नाहीं. दुपारचीं भांडीं मात्र पोरांनीं वांटून घेतलीं, कारण नवी मोरी उभ्यानें घांसावयाची, खिडकीसमोर, आणि तेथून विहिरीवरचा खंड्या दिसतो.

ओटीचें काम अजून राहिलें आहे. वर्गणी मागच्या बाजूलाच संपली. थोरल्या काकांच्या मनांतून टाइल्स गेलेल्या नाहींत. नमुन्याचे दोन तुकडे त्यांनीं गिरगांवांतून नेऊन झोपाळ्याखालीं ठेवले आहेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास ते दाखवितात. गणपतींत सातही शाखा जमतील तेव्हां या विषयाचा निकाल लावावयाचा आहे. आत्याबाईंना या वेळीं मत आहे, आणि तें कोणत्या बाजूस पडणार हें त्यांनीं अद्याप कोणास सांगितलेलें नाहीं.